शेकोटीच्या चौकटीतून गिटारची दांडी

लंडन शहराच्या पश्चिमेस फेल्टम नावाचे एक साधे उपनगर आहे. १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथील एका बेताच्या परिस्थितीतील घरात बापलेकांनी मिळून एक विद्युत गिटार बनवावयास घेतली. वडील हॅरोल्ड मे हे सरकारी विमानखात्यात आरेखक होते. रेडिओपासून दूरदर्शन संचापर्यंत घरातील कितीतरी वस्तू त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळविल्या होत्या. मुलगा ब्रायन नुकताच सोळा वर्षांचा झालेला, गणितात आणि पदार्थविज्ञानात हुशार, आणि गिटारने झपाटलेला. त्याला हवी असलेली अमेरिकन बनावटीची फेंडर गिटार विकत घेणे या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. महायुद्धानंतरच्या परकीय चलनाच्या टंचाईमुळे अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर इंग्लंडमध्ये १९५१ पासून बंदीच होती. ती १९५९ साली उठली खरी, पण बंदी उठल्याने वस्तू दुकानाच्या काचेआड दिसू लागते, घरी येत नाही. तेव्हा, विकत घेता येत नाही तर आपणच बनवू, असे बापलेकांनी ठरविले.

गिटारच्या दांडीसाठी त्यांना लाकूड हवे होते. ते वखारीतून आले नाही, की वाद्यसाहित्याच्या दुकानातूनही आले नाही. थंड हवेमुळे इंग्लिश घरांत भिंतीतच शेकोटी बांधलेली असते आणि तिच्याभोवती दगडाची किंवा लाकडाची शोभिवंत चौकट बसविलेली असते. कुटुंबाच्या एका स्नेह्याच्या घरची अशी एक महोगनीची चौकट टाकून दिली जाणार होती. शंभराहून अधिक वर्षांचे ते लाकूड ब्रायनच्या हाती आले, आणि त्यातूनच दांडी कोरावयाचे ठरले.

पुढे हीच गिटार 'रेड स्पेशल' या नावाने जगभर ओळखली गेली, आणि ब्रायन मे हे 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक म्हणून प्रसिद्धीस आले. त्या प्रसिद्धीच्या कथा वाचकांनी अन्यत्र वाचल्या असतील. आम्हांस येथे रस आहे तो त्या लाकडाच्या तुकड्यात. दांडीसाठी अमुकच लाकूड योग्य असे कारागीर सांगतात, तेव्हा ते निसर्गाचा नियम सांगत असतात की व्यापाराचा इतिहास? आणि तो संकेत मोडून भलत्याच ठिकाणचे लाकूड उचलणाऱ्याने नेमके काय पणाला लावलेले असते?

गिटारच्या ज्या भागाला इंग्रजीत 'मान' म्हणतात त्याला आम्ही दांडी म्हणत आहोत, कारण सतार आणि तंबोरा करणारे आपले कारागीर त्या भागास हाच शब्द वापरतात. खुंट्या, पडदे, घोडी, तबली हे शब्दही त्यांचेच, आणि गिटारचे वर्णन करावयास ते पुरेसे आहेत. दांडी ही वरवर पाहता वाद्याची सर्वांत साधी गोष्ट. नाद घुमतो तो पेटीत. दांडीने फक्त तारा धरून ठेवावयाच्या. पण हे धरून ठेवणेच कठीण आहे. पोलादी तारांच्या साध्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सुमारे सत्तर किलोच्या घरात जातो. नायलॉनच्या तारांचा ताण त्याहून बराच कमी, पण तोही चाळीस किलोच्या आसपास असतो. म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका ओढा त्या सडपातळ दांडीवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे असतो. ती केसभर वाकली तरी तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, बोटे दुखू लागतात आणि सूर चुकतो. लाकडाने पावसाळ्यात ओल पिऊन पीळ खाल्ला तर वाद्य कायमचे निकामी होते. म्हणून दांडीचे लाकूड सरळ शिरांचे, गाठी नसलेले आणि पूर्ण मुरलेले असावे लागते. ताठ तर हवेच, पण इतके जडही नको की वाजविताना गिटारचे तोंड सारखे खाली झुकावे.

या कसोट्यांना उतरणारी लाकडे जगात पुष्कळ आहेत. तरीही पाठ्यपुस्तकात नावे येतात ती तीन-चारच. ती कशी आली हे पाहणे मनोरंजक आहे.

स्पेनमधील कारागीर दांडीसाठी ज्याला सीडर म्हणतात ते वापरीत आले. बायबलमधील लबानोनच्या गंधसरूशी या लाकडाचे काहीही नाते नाही. केवळ सुगंधामुळे युरोपीय खलाशांनी त्याला ते नाव दिले. ते येते क्यूबा, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून. स्पेनच्या वसाहती तेथे होत्या, म्हणून ते स्पेनच्या बंदरांत उतरले. सिगारच्या पेट्या त्याच्याच बनत. हलके, सरळ शिरांचे, न वाकणारे म्हणून वाद्यकारांना ते मानवले. या झाडाचे कूळ मात्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहे: ते कडुनिंबाच्या कुळातले आहे. महोगनीही त्याच कुळातली. आणि आपल्याकडे सतारीसाठी जे तुणीचे लाकूड वापरतात ती तूणही त्यांची इतकी जवळची नातलग, की वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी तिला त्या स्पॅनिश सीडरच्याच जातिनामाखाली नोंदवीत असत. मिरजेचा सतारकार आणि अंदालुसियाचा गिटारकार यांची कधी गाठ पडली नसेल. पण हात फिरवून, टिचकी मारून, वजन तोलून दोघेही एकाच कुळाच्या झाडापाशी येऊन थांबले. लाकडाच्या गुणांना काहीच अर्थ नाही असे म्हणता येत नाही, ते यासाठी.

महोगनीची गोष्ट मात्र इतकी निरागस नाही. १७२१ साली इंग्लंडच्या संसदेने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयातकर उठविला. त्यानंतर जमेकाची महोगनी लंडनच्या गोदीत येऊन पडू लागली आणि श्रीमंत घरांतील मेजे, कपाटे, जिने आणि शेकोटीच्या चौकटी तिच्या बनू लागल्या. जमेकातील जंगले विरळ झाल्यावर ओघ मध्य अमेरिकेकडे, आज ज्याला बेलीझ म्हणतात त्या किनाऱ्याकडे वळला. ही प्रचंड झाडे तोडून, ओंडके ओढून नदीपर्यंत आणण्याचे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करवून घेतले जाई. बेलीझच्या राष्ट्रध्वजावर आजही महोगनीचे झाड आणि त्याच्या दोन बाजूंना कुऱ्हाड व वल्हे घेतलेले दोन लाकूडतोडे आहेत. इंग्लिश दिवाणखान्यात चकाकणाऱ्या तांबूस चौकटीमागे असा घामाचा आणि साखळदंडांचा इतिहास असे. फेल्टमला आलेली ती विशिष्ट चौकट कोणत्या बेटावरील कोणत्या झाडाची, याची नोंद कोणी ठेवली नाही. अशा नोंदी ठेवण्याची रीत नव्हती.

घरसामानासाठी आलेली महोगनी मुबलक होती, सुताराच्या हाताला सरावाची होती, रंध्याखाली सरळ जात होती. म्हणून वाद्यकारांनीही ती उचलली. अमेरिकेतील गिटारकारखान्यांनी विसाव्या शतकात दांडीसाठी तिचा सर्रास स्वीकार केला आणि दोन पिढ्यांच्या आत 'गिटारची दांडी म्हणजे महोगनी' हा जणू शास्त्राधार झाला.

तो शास्त्राधार मोडणारा पहिला मोठा माणूस गिटार वाजवू न शकणारा होता, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे लिओ फेंडर हे रेडिओदुरुस्तीचे काम करीत. १९५० साली त्यांनी जी सपाट, भरीव विद्युत गिटार बाजारात आणली, तिची दांडी मेपलच्या एकाच तुकड्याची होती आणि ती पेटीला सरसाने न चिकटविता चक्क स्क्रूंनी बसविली होती. मेपल नवे नव्हते. व्हायोलिनची दांडी शतकानुशतके त्याचीच बनत आली आहे. परंतु वेगळी बोटपट्टी न लावता त्या मेपलमध्येच पडदे ठोकणे आणि बिघडली तर दांडी काढून दुसरी बसविण्याची सोय ठेवणे, हे जुन्या कारागिरांना पाखंड वाटले. मेपल इतके कठीण, की आत पोलादी सळईची गरज नाही, असा फेंडर यांचा विश्वास होता. तो त्याच वर्षी सोडावा लागला. शरद ऋतूपर्यंत दांडीच्या पोटात सळई आली. ही सळई म्हणजे गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी १९२० च्या दशकात काढलेली युक्ती: बाजूचा नट फिरविला की सळई ताणली जाते आणि तारांनी वाकविलेली दांडी पुन्हा सरळ होते. आमच्या मते, दांडीच्या लाकडाविषयीचे अर्धेअधिक वाद या सळईने निकालात काढावयास हवे होते. तसे झाले नाही, कारण माणसाला लाकडावर श्रद्धा ठेवावयास आवडते. सळईवर कोण ठेवणार?

आता पुन्हा फेल्टमला.

वाचक विचारतील की चौकट महोगनीची, आणि महोगनी तर रूढ लाकूड. मग यात वेगळे ते काय? जात रूढ होती, हे खरे. परंतु वाद्यकार लाकूड निवडतो तेव्हा जातीबरोबर त्याचा जन्म आणि संगोपनही निवडतो. ओंडका कसा चिरला, शिरा कोणत्या दिशेने जातात, किती वर्षे सावलीत सुकविला, हे तो पाहतो. शेकोटीची चौकट चिरली होती ती शोभेसाठी, ताण सोसण्यासाठी नव्हे. तिला शतकभर विस्तवाची धग लागलेली. शिवाय ती किडक्यांनी पोखरलेली होती. लाकडात आरपार भोके होती. कोणाही अनुभवी कारागिराने असा तुकडा बाजूला टाकला असता, आणि त्याला दोष देता आला नसता.

दुसरी बाजूही होती. शंभर वर्षे कोरड्या, उबदार जागी उभे असलेले लाकूड आता आणखी सुकणार नव्हते. त्याला जेवढा पीळ खावयाचा तेवढा खाऊन झाला होता. नव्या लाकडाचा भरवसा धरण्यासाठी कारखानदार भट्ट्या लावतात आणि वर्षानुवर्षे थांबतात. तो भरवसा येथे एका पडीक वस्तूत आयता मिळत होता. आणि दुसरे लाकूड घ्यावयास पैसे नव्हते, हे कारण तर सर्वांत सबळ. पूर्ण गिटारला मिळून सुमारे आठ पौंड खर्च आला, असे ब्रायन मे सांगत आले आहेत.

ब्रायनने दांडी हातानेच कोरली: खिशातील चाकूने तासून आणि पॉलिश पेपरने घासून. जुने लाकूड कठीण आणि ठिसूळ असते. चाकू घसरला की भलतीकडे चीर जाते. किडीच्या भोकांत त्याने आगपेटीच्या काड्या ठोकून बसविल्या आणि वरून घासून सपाट केल्या. दांडी चांगली जाडजूड राहू दिली. आत पोलादी सळई घातली आणि तिचे टोक पेटीतील एका जाड बोल्टाशी जखडले. बोटांखालच्या पट्टीसाठी रीतीप्रमाणे अबनूस किंवा शिसवी हवे. त्याने ओक घेतले. येथे मात्र जातच रूढीबाहेरची होती. ओकच्या शिरा उघड्या आणि खरखरीत असतात, म्हणून तिच्यावर प्लास्टिकसारखे कडक रोगण चढवून ती गुळगुळीत केली. पडद्यांमधील खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या घासून केले. गुंड्या मोजक्या, तेव्हा एकही फुटून चालणार नव्हते.

पेटीचीही हीच तऱ्हा. मधला गाभा ओकचा, भोवती ब्लॉकबोर्ड, आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवून सगळे एकसंध दिसेल असे केलेले. आवाज आतल्या आत घुमावा म्हणून काही भाग मुद्दाम पोकळ ठेवले होते. तारा सैल-ताठ करून सूर हेलकावण्याची जी सोय असते, तिच्यासाठी मोटारसायकलच्या इंजिनातील दोन स्प्रिंग वापरल्या. तिचा दांडा सायकलच्या सीटमागील पिशवी अडकविण्याच्या लोखंडाचा, आणि दांड्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. हे सारे वाचून कोणास ती भंगाराची मोळी वाटेल. तसे मानणे चूक ठरेल. हॅरोल्ड मे हे मापाला पक्के होते. सूर हेलकावल्यावर तार पुन्हा बरोबर पूर्वीच्या जागी यावी यासाठी घर्षण कोठे कोठे होते याचा त्या दोघांनी अभ्यास केला होता. वस्तू टाकाऊ होत्या, गणित टाकाऊ नव्हते. स्वतः गुंडाळलेली चुंबके मात्र जमली नाहीत. तार बोटाने आडवी ओढली की आवाज चमत्कारिक येई. तेव्हा बर्न्स कंपनीची तीन तयार चुंबके विकत आणावी लागली. १९६४ साली गिटार पूर्ण झाली.

त्याच सुमारास, १९६३ च्या ४ डिसेंबरला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे आपले संविधान जाहीर केले होते. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान कायम ठेवून, पवित्र उपयोगास साजेशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील अशी मुभा दिली गेली. पुढे आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांत पोरांच्या गळ्यात गिटार आली ती या उघड्या दारातून. फेल्टमच्या घराशी या घटनेचा काही संबंध नाही. परंतु मिस्सामध्ये गिटार वाजविणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती कधी नवी कोरी, तर कधी कोणीतरी वापरून टाकलेली, दांडी वाकलेली गिटार आलेली आम्ही पाहतो, तेव्हा त्या दांडीत काय काय असते हे सांगावेसे वाटले, इतकेच.

एक संबंध मात्र खराखुरा आणि जवळचा आहे. १९७० साली ब्रायन मे ज्याच्याबरोबर 'क्वीन' वृंदात उभे राहिले तो गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, पियानोचे धडे त्याने तेथेच गिरविले, आणि आपला पहिला वाद्यवृंदही तेथेच १९५८ च्या सुमारास काढला. सातारा जिल्ह्यातील एका वसतिगृहात वाढलेला आवाज आणि इंग्लिश शेकोटीच्या लाकडातून निघालेला स्वर यांची पुढे वीस वर्षे जोडी जमली. मर्क्युरी १९९१ च्या नोव्हेंबरात वारला.

या गिटारच्या कथेत आम्हांस सर्वांत अधिक जे बोचते ते लाकडाविषयी नाहीच. मुलासाठी हातात करवत घेणाऱ्या, लहानपणी त्याला युकुलेलीवर स्वर लावावयास शिकविणाऱ्या हॅरोल्ड मे यांना त्याने वाद्य हाच व्यवसाय करावा हे मुळीच मान्य नव्हते. मुलगा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अंतराळातील धुळीवर डॉक्टरेटचे संशोधन करीत होता. १९७४ मध्ये ते अर्धवट टाकून तो संगीताकडे वळला. आपण काटकसर करून शिकविले, आणि त्याने हे करावे! कोणत्या बापाला हे सोसेल? काही काळ दोघांत बोलणेही जवळजवळ थांबले होते, असे मुलानेच पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. ज्या हातांनी ते वाद्य घडविले, त्यांनाच त्या वाद्याने आपला मुलगा हिरावून नेल्यासारखे वाटावे, यातील पीळ कोणत्याही सळईने सरळ होणारा नव्हता. पुढे मुलाने आईवडिलांना कॉन्कॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले. त्या विमानाच्या अवतरणयंत्रणेवर हॅरोल्ड यांनी नोकरीत काम केले होते, पण त्यात बसण्याचा योग त्यांना कधी आला नव्हता. तेथे मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या विशाल सभागृहात, हजारो लोकांच्या गर्दीत, त्यांनी आपण दोघांनी घरी केलेली गिटार ऐकली आणि आता आपल्याला समजले, अशी कबुली दिली. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

इकडे कारखान्यांची मुबलक लाकडे एकेक करून संपत आली. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून बंद झाला. मोठ्या पानांच्या महोगनीवर २००३ पासून परवान्याचे बंधन आले, आणि ज्या स्पॅनिश सीडरपासून आम्ही आरंभ केला, त्याच्या साऱ्या जातींवर तसेच बंधन २०२० साली आले. आपल्या शिसवीलाही यात ओढले गेले. अमेरिकेने २००८ मध्ये बेकायदा लाकडाविरुद्धचा कायदा कडक केल्यावर गिब्सन कंपनीवर २००९ आणि २०११ असे दोनदा छापे पडले. पहिल्या वेळी मादागास्करच्या अबनुसासाठी, तर दुसऱ्या वेळी भारतातून आलेल्या शिसवीच्या व अबनुसाच्या पट्ट्यांसाठी. या पट्ट्यांना चिरलेले लाकूड म्हणावयाचे की तयार भाग, असा तो दुसरा वाद होता. २०१२ साली कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली.

रूढी किती खर्चिक असते याचे याहूनही बोलके उदाहरण अबनुसाचे आहे. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले हे झाड. त्याचा गाभा कधी निखळ काळा निघतो, कधी करड्या-तपकिरी रेषांचा, आणि झाड पाडल्याशिवाय ते कळत नाही. गिटारवाल्यांना पट्टी काळीच हवी, म्हणून कॅमेरूनच्या जंगलात एका काळ्या झाडासाठी दहा झाडे पाडावी लागत आणि रेषांची नऊ तेथेच कुजत पडत. अमेरिकन गिटारकार बॉब टेलर यांनी २०११ साली तेथील गिरणी एका स्पॅनिश व्यापारी कंपनीसह विकत घेतली, तेव्हा त्यांना हे समजले. रेषांच्या अबनुसाच्या ताकदीत काही उणे नव्हते, उणीव फक्त रंगाची होती. त्यांनी तीच पट्टी आपल्या गिटारवर लावावयास आरंभ केला. याच टेलर यांनी १९९५ मध्ये मालवाहतुकीच्या टाकाऊ ओकच्या फळकुटांतून एक गिटार बनवून वाद्यांच्या प्रदर्शनात ठेवली होती. कारागिराचा हात सामग्रीपेक्षा मोठा, एवढेच त्यांना दाखवावयाचे होते. त्यांच्याही आधी, १८६२ साली, आल्मेरियाच्या अंतोनिओ दे तोरेस यांनी बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची करून गिटार बनविली होती. नाद तबलीत असतो हे सिद्ध करण्यासाठी केलेली ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

हे पाठ-बाजूंचे झाले. दांडीला तेच प्रमाण जसेच्या तसे लावणे बरोबर नाही, कारण पुठ्ठ्याची दांडी पहिल्याच दिवशी मोडेल. तरी एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी सहा गिटार अगदी सारख्या बनवून घेतल्या; फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा. त्यांत ब्राझीलची महागडी शिसवी होती, आपली शिसवी होती, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोडही होते. बावन्न वादकांना मंद प्रकाशात, वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे घालून त्या वाजवावयास दिल्या. वादकांनी सहाही गिटारना जवळपास सारखेच गुण दिले. चष्मा काढला असता तर निकाल काय लागला असता, याचा तर्क वाचकांनीच करावा.

'रेड स्पेशल'चे लाकूड मात्र कोणत्याही परवान्याच्या आधीचे, कोणत्याही प्रयोगाच्या बाहेरचे. तिच्या हुबेहूब प्रतिकृती ऑस्ट्रेलियातील कारागीर ग्रेग फ्रायर यांनी बनविल्या, आणि १९९८ साली त्यांनीच मूळ गिटारचीही निगुतीने डागडुजी केली. तीस-पस्तीस वर्षांच्या वापराने पेटीवरचे रोगण उडाले होते, तारांची जोडणी जीर्ण झाली होती. दांडी तीच ठेवण्यात आली. २००२ च्या ३ जूनला, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, ब्रायन मे बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून याच गिटारवर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवीत होते. २००७ साली त्यांनी तेहतीस वर्षांपूर्वी अर्धे टाकलेले धुळीचे संशोधन पूर्ण करून डॉक्टरेट मिळविली; तोवर वडिलांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. शेकोटीच्या लाकडातील किडीच्या भोकांत सोळाव्या वर्षी ठोकलेल्या आगपेटीच्या काड्या त्यानंतरही त्या दांडीत जागच्या जागी आहेत.